उठून जाण्याचा नियम

माझ्या धाकट्या दिरांनी एक्केचाळीस वर्षं एका बँडमध्ये ड्रम वाजवले. त्यातली एकोणचाळीस वर्षं त्यांनी पहिला ठोका मारलेला नाही. एक-दोन-तीन-चार असं मनात मोजायचं, एकला गप्प बसायचं आणि तीनला उजव्या पायाने पेडल दाबायचं, की मोठा ड्रम धम् करतो. मग पुन्हा एकला गप्प. आमचे 'हे' होते तेव्हा म्हणायचे, "ठोका मारायचाच नाही, तर त्यासाठी तीन-तीनशे मैल गाडी हाकत कशाला जायचं? घरी बसूनही तो न मारता येतो."

भावजी यावर काही बोलायचे नाहीत. ते कशावरच फार बोलत नाहीत. दिवसा ते एका चष्म्याच्या दुकानाच्या मागच्या खोलीत काचा घासायचे. चाकावर पाण्याची बारीक धार चालू असायची. काच टेकवायची, उचलून उजेडात बघायची, पुन्हा टेकवायची. पुढे दुकानात मालक गिऱ्हाइकांशी गोड बोलायचा आणि मागे हे काचेकडे बघायचे. अशी तीस वर्षं गेल्यावर माणसाला बोलण्याची सवय राहत नाही. माझी जाऊ, म्हणजे त्यांची बायको, म्हणते, "ताई, मला कधी नाही म्हणाले नाहीत. पण कधी हो म्हणाले, तेही आठवत नाही."

दर रविवारी दुपारी दुकान बंद असताना त्या मागच्या खोलीतच बँडचा सराव चालायचा. सुरुवातीला सात मित्र होते आणि ते उड्या मारायची गाणी वाजवायचे. म्हणजे इतकी भराभर, की ऐकणाऱ्याला चपला सांभाळाव्या लागायच्या. दुसऱ्या वर्षी त्यांनी पहिली रेकॉर्ड केली. रेकॉर्डिंगवाल्याच्या मशीनचा पट्टा सैल होता की काय, मला त्यातलं कळत नाही, पण यांनी वाजवलं एक आणि उमटलं भलतंच. सगळं हळू आणि जाड. गाणारा मुलगा चांगला बारीक आवाजाचा होता, तो रेकॉर्डवर रेड्यासारखा ऐकू यायला लागला. परत करायला वेळ नव्हता, रेकॉर्डी छापून आल्या होत्या. हे सगळे तोंडं पाडून बसले. आणि लोकांना ते आवडलं!

नुसतं आवडलं नाही, तर पुढच्या कार्यक्रमात यांनी नेहमीसारखं भराभर वाजवायला घेतलं, तर लोक ओरडायला लागले की हे नको, रेकॉर्डवरचं वाजवा. मग काय, सात जणांनी आपल्याच रेकॉर्डवरून आपलीच गाणी नव्याने शिकून घेतली. हळू वाजवायचं तर मधल्या मोकळ्या वेळात करायचं काय, हा प्रश्न होता. भावजींनी पहिला ठोका सोडून दिला. तो सोडल्यावर गाण्याला जरा टेकायला जागा झाली, असं त्यांचं म्हणणं. या प्रकाराला रेगे म्हणतात आणि कुठल्याशा बेटावर तो आधीपासून आहे, हे त्यांना पुढे एका रेडिओवाल्याने सांगितलं. तोवर यांचा समज होता की पट्टा सैल असल्यामुळे हे फक्त आपल्यालाच सापडलंय.

गाणारा मुलगा मात्र म्हणाला, "मी जन्मभर रेडा होऊन गाणार नाही," आणि त्याने बँड सोडला. सोडण्याआधी त्याने आपल्या जागी येणाऱ्याला एकूण एक गाणं शिकवलं. इथूनच बँडचा नियम सुरू झाला. जाणाऱ्याने येणाऱ्याला शिकवायचं. कागदावर काही नाही. सासूने सुनेला दाखवावं तसं, हाताने हाताला. पूर्ण शिकवून झालं की एका कार्यक्रमाला नव्याने वाजवायचं आणि जुन्याने खाली प्रेक्षकांत बसायचं.

आणि नियमाचा दुसरा भाग असा, की नवा माणूस तयार आहे असं जुन्याला पटलं, तर त्याने कार्यक्रम संपायच्या आत उठून निघून जायचं. शेवटपर्यंत बसून राहिला, तर नवा नापास. मग जुन्याने परत येऊन आणखी शिकवायचं.

तुम्ही म्हणाल, हे उलटं आहे. आहेच. जगात माणूस मधेच उठला की गाणाऱ्याचा चेहरा उतरतो. यांच्यात कोणी उठला नाही की चेहरे उतरतात. हे कसं झालं तर, बँड सोडणारा दुसरा माणूस म्हणजे त्यांचा कीबोर्डवाला. तो खाली बसून आपल्या जागी आलेल्याला ऐकत होता. सहाव्या गाण्याला त्याने घड्याळ बघितलं, उठला आणि चालायला लागला. वर वाजवणाऱ्यांनी एकमेकांकडे बघितलं. त्यांना वाटलं, याची खात्री पटली, आता ऐकायची गरज उरली नाही, म्हणून गेला. केवढा मोठेपणा! पुढे दोन वर्षांनी त्याचं पत्र आलं, त्यात सहज लिहिलं होतं की त्या दिवशी बस चुकेल म्हणून घाईत निघालो, राग मानू नका. पण तोवर ट्रंपेटवाला आणि गिटारवाला असेच उठून गेले होते. बस नसताना गेले होते. मग नियम तसाच राहिला.

एक्केचाळीस वर्षांत या बँडमधून तेवीस माणसं आली-गेली. कोणाची बदली झाली, कोणाचं लग्न झालं, कोणाचं लग्न मोडलं, एक जण देवाधर्माला लागला आणि एक जण दुसऱ्या बँडमध्ये गेला. त्याचं नाव घेत नाहीत. दोघे वारले. वारलेल्यांना हा नियम लागू नाही, हे ठरवायला एक आख्खी बैठक घ्यावी लागली. सुरुवातीच्या सातांतले एकटे भावजी उरले. त्यांच्यानंतरचा जुना म्हणजे बेस गिटारवाला, त्यालाही बँडमध्ये तीस वर्षं झाली. त्याला सगळे खांब म्हणतात. तो वाजवताना बोटांखेरीज काही हलवत नाही. एकदा त्याच्या खांद्यावर कबुतर येऊन बसलं होतं, ते दोन गाणी बसून होतं. आणि गाणारी नर्सबाई. ती खरोखरच नर्स आहे, सव्वीस वर्षं गातेय. दौऱ्यावर सगळ्यांच्या गोळ्या तिच्या पिशवीत.

दौरे खूप केले. भावजींनाच गाडी चालवता यायची, म्हणून गाडी त्यांची. ट्रॅक्टरच्या प्रदर्शनात वाजवलं, पोहण्याच्या तलावाच्या उद्घाटनाला वाजवलं, बोटीवर वाजवलं. बोटीवर म्हणे निम्मे लोक कठड्याशी ओकत होते, पण तेही तालात. एकदा परदेशात एका गावी पोचले तर हॉलला कुलूप. कार्यक्रम पुढच्या महिन्यातला होता. तिथला माणूस इतका लाजला, की यांनाच त्याचं सांत्वन करावं लागलं. मग परतीच्या तिकिटाची तारीख येईपर्यंत नऊ दिवस हे तिथेच राहिले आणि बसून काय करायचं म्हणून त्याचा हॉल रंगवून दिला. पुढच्या महिन्यात परत गेले. भावजी घरी येऊन म्हणाले, "हॉल छान आहे." जाऊ म्हणाली, "कसं झालं गाणं?" म्हणाले, "खिडक्यांना अजून एक हात द्यायला हवा होता."

दुसरी रेकॉर्ड त्यांच्या घरी झाली. बैठकीच्या खोलीत गाद्या उभ्या करून, पडद्यांवर गोधड्या टाकून. कोणी बोलायचं नाही, पंखा लावायचा नाही. माझी जाऊ स्वयंपाकघरात दीड तास दम धरून बसली. शेवटी तिने दार उघडून सांगितलं, "चहा गार होतोय." नेमकं ते सगळ्यांत चांगलं जमलेलं गाणं होतं. पुन्हा केलं तर तसं जमेना. मग ते तसंच ठेवलं. आता कुठेही ते गाणं लागलं की बरोबर त्या जागी सगळा हॉल ओरडतो, "चहा गार होतोय!" जाऊ म्हणते, मला मेल्याहून मेल्यासारखं होतं. पण कार्यक्रमाला जाताना त्या गाण्याच्या आधी केस नीट करते, हे मी पाहिलंय.

तर आता गुडघ्याचं.

दोन वर्षांपूर्वी बँडने नवी रेकॉर्ड केली. भावजी सत्तरीचे झाले होते. उजव्या गुडघ्यातली गादी झिजून झिजून संपली होती. एक गाणं वाजवायचं, दुसऱ्या दिवशी पाय उशीवर ठेवून पडायचं, तिसऱ्या दिवशी पुढचं गाणं. असं करत रेकॉर्ड पुरी झाली. डॉक्टरांनी फोटो बघितला आणि विचारलं, "तुम्ही काय करता?" भावजी म्हणाले, "तीनला पाय दाबतो." डॉक्टर म्हणाले, "आता दाबायचा नाही. दाबलात तर चालणं बंद होईल." भावजींनी डाव्या पायाने करून पाहिलं. सहा महिने पाहिलं. खांब म्हणाला, "डावा पाय शहाणा आहे, पण त्याला हे कोणी सांगितलेलं नाही."

तिकडे नव्या रेकॉर्डीसाठी परदेशात एकोणीस कार्यक्रम ठरले होते. म्हणजे भावजींनी कोणालातरी शिकवून बाहेर पडायचं, हे उघड होतं.

पहिला आला तो चांगला चलाख होता. हात विजेसारखे. चार महिने शिकला. भावजी म्हणाले, "अजून नाही." दुसरा पोलीस बँडमधून निवृत्त झालेला, घड्याळासारखा पक्का. पाच महिने शिकला. "अजून नाही." दोघेही कंटाळून गेले. भावजींनी हॉलमध्ये खाली बसण्यापर्यंत वेळच आली नाही. मग लोक बोलायला लागले, की यांना जायचंच नाही, म्हणून कोणी पसंत पडत नाही. मला ते ऐकून राग आला. मग माझ्याच मनात आलं, की असेलही.

जाऊ तर तोंडावर म्हणाली. आम्ही तिघं त्यांच्या स्वयंपाकघरात बसलो होतो.

"अहो, खरं सांगा. त्या पोलिसाचं काय चुकत होतं?"

"तो एकला गप्प बसतो."

"मग तुम्ही काय करता? तुम्हीही गप्पच बसता की!"

"तो वाट बघत गप्प बसतो. तसं नाही बसायचं."

"मग कसं बसायचं?"

भावजींनी बराच विचार केला. "नुसतं," म्हणाले.

जावेने माझ्याकडे बघितलं. "ताई, या माणसाला कोण पुरं पडणार?"

तिसरी आली ती एक बाई. वय अडतीस-चाळीस. दातांच्या डॉक्टरकडे मागच्या खोलीत बसून कवळ्या बनवते. तिचं नाव लगेच कवळीवाली पडलं. मला बरं वाटलं. म्हटलं, चष्मा झाला, कवळी झाली, आता या बँडला म्हाताऱ्या माणसाला लागणारं काही कमी नाही. ती पण बोलायची नाही फारसं. दोघं समोरासमोर बसून रविवारच्या रविवार मांडीवर ठोके द्यायचे आणि मी डबा घेऊन गेले तर दोघांपैकी कोणाला कळायचंही नाही. सहा महिने झाले. भावजी 'अजून नाही' म्हणाले नाहीत. झालं, असंही म्हणाले नाहीत.

मग खांब घरी आला. परदेशचा दौरा तीन आठवड्यांवर आला होता. तो दारातच उभा राहिला, बसला नाही.

"येत्या शनिवारी दुपारी नगरपालिकेच्या हॉलमध्ये कार्यक्रम आहे. कवळीवाली वाजवणार. तुम्ही खाली बसायचं."

"अजून थोडं..." भावजी म्हणाले.

"थोडं नाही. हे बघा दादा, तुम्ही त्या दिवशी उठून गेलात, तर आम्ही एकोणीस गावं वाजवू. आणि तुम्ही बसून राहिलात, तर आम्हीही बसतो. मी साठीला आलो. नर्सबाई म्हणते ती पण थांबेल. बँड तुमच्यापासून सुरू झाला, तुमच्यापाशी संपला, हिशोब बरोबर. तुमच्यावर राग नाही."

"खोटं उठलो तर?" भावजींनी विचारलं. "तुमच्यासाठी म्हणून?"

"ते आम्हाला कळेल," खांब म्हणाला. आणि गेला. जाऊ म्हणाली, तीस वर्षांत तो एवढं बोलल्याचं तिला आठवत नाही.

शनिवारी दुपारी आम्ही गेलो. जाऊ नेहमीसारखी बाहेर लॉबीत रेकॉर्डी आणि टी-शर्टांचं टेबल मांडून बसली. मला म्हणाली, "तुम्ही बसा त्यांच्या शेजारी. मला आत बसवणार नाही." भावजींनी आठव्या रांगेत, मधल्या वाटेकडेची खुर्ची घेतली. पाय लांब करता येतो म्हणून. मी आतल्या बाजूला. हॉल भरलेला होता. पडदा उघडला, आणि भावजींनी मला हळूच विचारलं, "वहिनी, एवढे लांब दिसतो का आम्ही?"

मला तेव्हा कुठे लक्षात आलं. एक्केचाळीस वर्षं हा माणूस ड्रमच्या मागे बसलाय. प्रत्येकाच्या पाठी त्याला पाठ आहेत. खांबाच्या शर्टाची शिवण कुठे उसवलीय ते सांगेल. पण आपला बँड समोरून कसा वाजतो, हे त्याने एकदाही ऐकलेलं नाही. रेकॉर्डी ऐकल्या असतील. पण त्यांच्या पहिल्या रेकॉर्डीचं काय झालं ते तुम्हाला सांगितलंच, तेव्हापासून त्यांचा रेकॉर्डींवर विश्वास नाही.

कवळीवालीने सुरू केलं. पहिलं गाणं भावजी असे बसले होते, जसं काही डॉक्टर आत बोलावणार आहे. दुसऱ्याला ते माझ्या कानाशी आले.

"ऐका आता. ही इथे घाई करणार."

तिने घाई केली नाही.

तिसऱ्याला म्हणाले, "या वळणावर पोलीस पडला होता."

ती पडली नाही.

पाचव्या गाण्यात मात्र मधेच एक ठोका जरा उशिरा पडला. मलासुद्धा कळला. मी त्यांच्याकडे बघितलं. म्हटलं, संपलं सगळं.

"चुकली का हो?"

"नाही," भावजी म्हणाले. मग थोड्या वेळाने, "तिथे मी चुकतो. काठी डाव्या हातातून उजव्या हातात घ्यायला वेळ लागतो. ते मी तिला शिकवलं नव्हतं." आणखी थोड्या वेळाने, "शिकवलं वाटतं."

त्यानंतर ते मान जरा पुढे काढून बसले. मला त्या गाण्यांतलं काही कळत नाही असं मी नेहमी म्हणते, पण त्या दिवशी मी त्यांच्याकडे बघत ऐकलं, म्हणून मला कळलं. ती बाई एकला गप्प बसायची ना, तेव्हा आख्ख्या हॉलचे खांदे एकदम झुकायचे. आठशे माणसं एकाच वेळी जरा खाली जायची आणि तीनला वर यायची. जणू कोणी त्यांच्या खालून चादर ओढतंय आणि परत घालतंय. ते भावजींना ड्रममागून कधी दिसलं असेल का? वर दिवे डोळ्यांवर असतात. त्यांना फक्त अंधार दिसायचा.

एकूण बारा गाणी होती, मला यादी माहीत होती. सातवं झालं. आठवं झालं. त्यात सगळ्यांनी 'चहा गार होतोय' ओरडून घेतलं. भावजी उठले नाहीत. खांब कधी कुठे बघत नाही, तो आमच्या रांगेकडे बघायला लागला. नर्सबाई गाता गाता बघायला लागली. फक्त कवळीवाली खाली मान घालून आपलं काम करत होती.

"भावजी," मी म्हटलं, "उठायचं ना?"

"हे एक होऊ द्या."

नववं झालं.

"भावजी."

"हे एक."

माझी नातवंडं झोपायच्या वेळेला असं करायची. मी म्हटलं, "वाईट वाजवतेय का ती?"

"नाही."

"मग?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. ते म्हणाले, "वहिनी, वाईट असेल तर बसून राहायचं, हे मला माहीत होतं. चांगलं असेल तर उठायचं, हेही माहीत होतं. पण इतकं चांगलं असेल तर माणसाने उठायचं कसं, ते त्या नियमात नाही."

आता मी काय सांगणार? त्यांच्याहून चार वर्षांनी मोठी असले, तरी मी काही रेगे बँड सोडलेला नाही. मला एक सुचलं. मी म्हटलं, "मला बाथरूमला जायचंय. हात धरून न्या मला बाहेर."

ते हसले. भावजी हसतात तेव्हा फक्त चष्मा वर जातो. "नाही हो," म्हणाले. "खांबाला कळेल. आणि तिला कळेल. माझं मीच उठायला पाहिजे."

दहावं गाणं संपलं. अकरावं सुरू झालं. ते सगळ्यांत जुनं गाणं, पहिल्या रेकॉर्डीवरचं. मला ते ओळखू येतं, कारण ते रेड्यासारखं सुरू होतं. भावजींनी पुढच्या खुर्चीची पाठ धरली आणि जोर लावला. गुडघा अडकला. पुन्हा खाली बसले. पुढच्या खुर्चीवरचा माणूस मागे वळून म्हणाला, "काय आजोबा, खुर्ची उपटता का?" भावजी म्हणाले, "माफ करा," आणि पुन्हा जोर लावला. या वेळी उठले.

मागून कोणीतरी ओरडलं, "बसा हो खाली!"

एका बाईने विचारलं, "तब्येत बरी नाही का त्यांची?"

"उत्तम आहे," मी म्हटलं. "आवडलं त्यांना." तिला काही उलगडा झाला नसावा.

भावजी मधल्या वाटेने निघाले. मी मागे. दार फार लांब नव्हतं, पण तो गुडघा, आणि त्यात चढ. एक पाऊल टाकायचं, थांबायचं, दुसरं ओढून घ्यायचं. त्यांनी मागे वळून बघितलं नाही. मी बघितलं. कवळीवालीने मान वर केली होती. तिला पाठमोरा माणूस चालताना दिसत होता, आणि तिचे हात जिथे पडायचे तिथेच पडत होते. तोंड मात्र असं झालं होतं, जसं कोणी तिच्या हातात न विचारता तान्हं मूल दिलंय. आणि खांब. त्याने उजवा पाय उचलला आणि परत ठेवला. आता मला कोणी विचारलं की खांब हलतो का, तर मी साक्ष द्यायला तयार आहे.

भावजींची चाल अशी, की दारापर्यंत पोचेतो त्यांना अकरावं गाणं जवळजवळ सगळं ऐकायला मिळालं. मला वाटतं त्यांनी चाल मुद्दाम थोडी कमीही केली. पण गाणं संपायच्या आधी हात दाराला लागला होता, हे मी शपथेवर सांगते.

दाराशी एक मुलगी उभी होती, तिकिटं बघणारी. म्हणाली, "आजोबा, बाहेर गेलात तर परत आत सोडता येणार नाही. नियम आहे."

"ठाऊक आहे," भावजी म्हणाले.

"अजून एक गाणं आहे. शेवटचं तर सगळ्यांत भारी असतं. आवडलं नाही का?"

"आवडलं."

"मग जाताय कशाला?"

"म्हणूनच," भावजी म्हणाले. ती माझ्याकडे बघायला लागली. मी म्हटलं, "बाळ, दार उघड. त्यांना उभं राहवत नाही."

बाहेर लॉबीत दुपारचं ऊन फरशीवर पडलेलं. जाऊ टेबलामागे बसून टी-शर्टांच्या घड्या घालत होती. आम्हाला बघून तिचा हात थांबला.  मग तिने आपलं स्टूल पुढे सरकवलं.

"किती राहिली?" तिने विचारलं.

"एक."

"बसा."

भावजी बसले. पाय लांब केला. तिने टी-शर्टांचा एक गठ्ठा त्यांच्या टाचेखाली ठेवला आणि त्यांच्या खांद्यावर हात ठेवून उभी राहिली. मी आजवर त्या दोघांना चारचौघांत असं पाहिलं नव्हतं, म्हणून मी भिंतीवरचं आग विझवायचं नळकांडं वाचत बसले. आतून शेवटचं गाणं दारातून ऐकू येत होतं, फक्त धम् तेवढं. भावजींचा उजवा पाय गठ्ठ्यावर पडून होता. तो हलला नाही.

तेवढ्यात रस्त्यावरून एक माणूस आत आला. हातात भाजीची पिशवी. आवाज ऐकून आला असणार. टेबलावरची नवी रेकॉर्ड उचलून उलटीपालटी केली.

"यांचंच आत चाललंय का?"

"हो," भावजी म्हणाले.

"कसा आहे बँड?"

जावेने तोंड उघडलं होतं, पण भावजींनी हात वर केला. त्यांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला, उजेडात धरून बघितला आणि परत घातला.

"चांगला आहे," ते म्हणाले. "मी आजच ऐकला."